शाळेचा विकास आराखडा : पालकांनी वाचायलाच हवा असा कागद

जून महिन्यात शाळा सुरू झाली, की पहिल्याच पालकसभेत तीन शब्द हमखास कानावर पडतात : गुणवत्तावाढ, विद्यार्थी नेतृत्व आणि सर्वांगीण विकास. महापालिकेची शाळा असो, अनुदानित मराठी शाळा असो वा भरमसाट शुल्क घेणारी इंग्रजी शाळा, माहितीपत्रकात हे शब्द असतातच. पालकही ते ऐकून समाधानाने घरी परततात. मात्र या शब्दांमागे शाळेने नेमके काय ठरवले आहे, त्यासाठी जबाबदार कोण आणि वर्षअखेर त्याचा हिशेब कोण घेणार, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. वास्तविक यांतील बऱ्याच गोष्टींची तरतूद कायद्यातच आहे आणि सरकारी व अनुदानित शाळांतील पालकांना त्यासाठी हक्काची जागाही दिलेली आहे.

कायदा काय सांगतो?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील कलम २१ नुसार, विनाअनुदानित खासगी शाळा वगळता अन्य शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे, असे कायदा सांगतो. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, अनुदानाचा विनियोग तपासणे आणि शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे ही समितीची कामे आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अल्पसंख्याक व अनुदानित शाळांतील समितीची भूमिका सल्लागाराची झाली. सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत मात्र आराखड्याची जबाबदारी समितीवरच आहे.

कलम २२ त्याहून महत्त्वाचे आहे. समितीने केलेला आराखडा हाच सरकारच्या वा स्थानिक प्राधिकरणाच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा आधार असेल, असे त्यात म्हटले आहे. केंद्र सरकारच्या २०१० च्या नियमांनुसार हा आराखडा तीन वर्षांचा असतो आणि त्यात तीन वार्षिक उपआराखडे असतात. इयत्तावार पटसंख्येचा अंदाज, अतिरिक्त शिक्षकांची गरज, वर्गखोल्या व अन्य भौतिक सुविधा आणि त्यासाठी लागणारा जादा निधी यांची नोंद त्यात अपेक्षित आहे.

या यादीत एक उणीव चटकन लक्षात येते. खोल्या, शिक्षक आणि पैसा यांचा हिशेब मागितला आहे. पण मूल काय शिकले, याचा रकाना ठळकपणे नाही. तो शोधायचा तर कायद्याच्या दुसऱ्या भागाकडे वळावे लागते. कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे त्याला जादा मार्गदर्शन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम २९ मध्ये मुलाचा सर्वांगीण विकास, कृती व शोधातून शिकणे आणि मुलाला भय, आघात व चिंतेपासून मुक्त ठेवणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ही कलमे आराखड्यात उतरली, तरच तो शाळेचा आराखडा ठरतो. अन्यथा ती केवळ बांधकामाची मागणी राहते.

गुणवत्तावाढ म्हणजे निकाल नव्हे

शहरी पालकांच्या दृष्टीने गुणवत्तेचे माप म्हणजे दहावीचा निकाल आणि शिष्यवृत्ती परीक्षेतील नावे. शाळेच्या फाटकावर लागणारा शंभर टक्के निकालाचा फलक त्याच मानसिकतेला साद घालतो. या शंभर टक्क्यांच्या हट्टापायी नववीतील कच्च्या मुलांना शाळेतून काढून, १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसण्याचा सल्ला देण्याचे प्रकारही घडले आहेत. अशा वेळी वाढतो तो निकाल. शाळेची गुणवत्ता नव्हे. ज्या मुलाला शाळेची सर्वाधिक गरज होती, तेच फलकाच्या हिशेबातून वजा झालेले असते.

गुणवत्तावाढीचा विश्वासार्ह मार्ग याच्या नेमका उलटा आहे आणि त्याचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. मुंबईच्या वस्त्यांमधून १९९४ साली काम सुरू केलेल्या 'प्रथम' या संस्थेने महापालिका शाळांत 'बालसखी' उपक्रम राबवला. तिसरी-चौथीतील जी मुले मागे पडली होती, त्यांचे छोटे गट करून स्थानिक तरुणींनी त्यांना रोज काही वेळ वाचन आणि अंकगणिताच्या मूलभूत गोष्टी शिकवल्या. मुंबई आणि वडोदरा येथील या उपक्रमाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तेव्हा मुलांच्या गुणांत लक्षणीय वाढ दिसली. पुढे २०१९ मध्ये बॅनर्जी आणि डफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे अशा प्रत्यक्ष प्रयोगांचा मोठा वाटा होता. मूल कोणत्या इयत्तेत बसते यापेक्षा ते आज कोणत्या पातळीवर आहे हे पाहून शिकवणे, हे या पद्धतीचे सार.

महाराष्ट्र शासनाने २२ जून २०१५ च्या निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू केला, तेव्हाही प्रत्येक मूल शिकले पाहिजे हाच त्याचा गाभा होता. केंद्राने जुलै २०२१ मध्ये जाहीर केलेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, यासाठी २०२६-२७ हे लक्ष्य वर्ष ठेवले. उद्दिष्टे उत्तम आहेत. प्रश्न आहे तो एकेका वर्गाचा. समजा, चौथीच्या वर्गात ४० मुले आहेत आणि त्यांपैकी १२ जणांना परिच्छेद वाचता येत नाही. 'वाचनकौशल्य वाढवणे' असे उद्दिष्ट आराखड्यात लिहिल्याने त्या १२ मुलांचे काहीही बदलत नाही. ही १२ मुले कोणती, त्यांच्यासाठी रोजची कोणती तासिका राखली, ती कोण घेणार आणि दिवाळीपूर्वी त्यांची फेरतपासणी कधी होणार, हे लिहिले तर मात्र बदलाची शक्यता निर्माण होते.

बिल्ल्यापलीकडचे नेतृत्व

विद्यार्थी नेतृत्वाचे चित्र बहुतेक शाळांत ठरलेले असते. वर्गप्रमुख नेमला जातो, शालेय मंत्रिमंडळाचा शपथविधी होतो, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री आणि ग्रंथालयमंत्री यांच्या शर्टावर बिल्ले लागतात आणि छायाचित्र निघते. काही शाळांत मतपत्रिका, मतदान केंद्र आणि बोटाला शाई असा सगळा थाट करून निवडणूक घेतली जाते. नागरिकशास्त्र शिकवण्यासाठी याहून चांगला धडा नाही, हे खरे. परंतु निवडणुकीनंतर या मंत्रिमंडळाकडे निर्णयाचा कोणता अधिकार उरतो, हा कळीचा प्रश्न आहे. वर्गात गोंगाट करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे म्हणजे नेतृत्व नव्हे. ती शिक्षकाच्या वतीने केलेली राखण झाली.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या अनुच्छेदात मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे मत ऐकून घेण्याचा हक्क मान्य करण्यात आला आहे. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. शाळेपुरता त्याचा अर्थ साधा आहे. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येते का, ग्रंथालयाची कपाटे कुलूपबंद का असतात, मैदानावर फक्त मोठ्या वर्गांतील मुलेच का खेळतात, हे मुख्याध्यापकांच्या दालनात बसून कळत नाही. ते मुलांनाच ठाऊक असते. मंत्रिमंडळाच्या मासिक बैठकीत असे प्रश्न मांडले गेले, त्यांची वहीत नोंद झाली आणि पुढच्या बैठकीत त्यांवर शाळेने काय केले हे सांगितले गेले, तर आपल्या बोलण्याने काही घडते हा अनुभव मुलांना मिळतो. नेतृत्वाची सुरुवात तिथे होते. जबाबदाऱ्या दर दोन-तीन महिन्यांनी फिरत्या ठेवल्या, तर मागच्या बाकावरच्या अबोल मुलालाही संधी मिळते. अन्यथा धीट आणि हुशार मुलांचीच वर्षानुवर्षे निवड होत राहते.

'सर्वांगीण' ही नवी कल्पना नाही

सर्वांगीण शिक्षण ही परदेशातून आलेली नवी टूम आहे, असा अनेकांचा समज असतो. महाराष्ट्राला तरी ती नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रमही करत. अभ्यास, श्रम आणि समतेचा संस्कार हे तिथे वेगळे विषय नव्हते. वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला केंद्रस्थानी ठेवणारी 'नई तालीम' मांडली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाडच्या परिसरात आदिवासी बालकांच्या अंगणात शिक्षण नेले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने हाच विचार नव्या परिभाषेत मांडला आहे. शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर मुलाचे स्वतःचे आणि सहाध्यायींचे मूल्यमापनही ज्यात असेल, असे समग्र प्रगतिपत्रक धोरणात सुचवले आहे. अर्थात महाराष्ट्राचा पूर्वानुभव इथे सावध करणारा आहे. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहिणे शिक्षकांना बंधनकारक झाले. काही काळातच अशा तयार नोंदींची पुस्तके बाजारात आली. 'आवडीने वाचन करतो', 'इतरांना मदत करतो' अशी वाक्ये एकाच साच्यातून असंख्य प्रगतिपुस्तकांवर उमटली. मुलाला पाहून लिहायची नोंद पुस्तकात पाहून लिहिली गेली, तर पत्रकाचे नाव बदलून काही साधत नाही.

कागद अडतो कुठे?

शाळांकडे नियोजनाची साधने नाहीत असे नाही. २०१५ मध्ये आलेल्या 'शाळासिद्धी' चौकटीत सात क्षेत्रे आणि ४६ मानके असून शाळेने स्वतःचे मूल्यमापन करून सुधारणेचा कृती आराखडा करावा, अशी अपेक्षा आहे. अडचण आहे ती ही साधने वापरण्याच्या पद्धतीत. माहिती भरण्याची अंतिम तारीख जवळ आली, की आराखडा एका बैठकीत उरकला जातो, गेल्या वर्षीची वाक्ये नव्या वर्षाच्या नावाखाली येतात आणि पालक सदस्यांच्या सह्या घेतल्या जातात. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला दुपारी दोनच्या बैठकीस येणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे असते. कायद्याने दिलेली तिची खुर्ची त्यामुळे बहुधा रिकामीच राहते. बैठक संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी घेण्याचा साधा बदलही येथे मोठा ठरू शकतो.

दोष केवळ शाळांचा नाही. शिक्षकांची पदे रिक्त असताना, दोन इयत्ता एकाच खोलीत बसवाव्या लागत असताना आणि माहितीच्या तक्त्यांत शिक्षकाचे तास खर्च होत असताना मुलागणिक नियोजनाची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरते. म्हणूनच कलम २२ कडे पुन्हा पाहायला हवे. आराखडा अनुदानाचा आधार असेल, तर शाळेची मागणी नोंदवल्यानंतर तिची पूर्तता का झाली नाही, याचे उत्तर देणे हे प्रशासनाचेही कर्तव्य ठरते.

पालकांनी काय विचारावे?

विनाअनुदानित खासगी शाळांना व्यवस्थापन समितीची सक्ती नसली, तरी महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघ तेथेही असतो. त्याची चर्चा बहुतांशी शुल्कापुरती मर्यादित राहते. ती वर्गापर्यंत नेण्यास मात्र कोणाची आडकाठी नाही. शाळा कोणतीही असो, पालकांना काही प्रश्न विचारता येतील. आराखडा पाहायला मिळेल का? मागे पडलेल्या मुलांसाठी यंदा कोणती वेळ राखली आहे? मुलांच्या सूचनेवरून गेल्या वर्षी शाळेने कोणता बदल केला? खेळ, चित्रकला आणि हस्तकलेच्या तासिका परीक्षेच्या तोंडावर गणिताला दिल्या जातात का? तक्रारपेटी कोण आणि किती दिवसांनी उघडते?

हे प्रश्न वेगवेगळे वाटले, तरी त्यांचा रोख एकच आहे. ज्याला वाचता येत नाही, ते मूल मंत्रिमंडळात बोलायला कचरते. ज्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही, ते वर्गात शंका विचारत नाही. ज्याला शिक्षेची धास्ती आहे, त्याचे मन ना खेळात रमते ना पुस्तकात. गुणवत्ता, नेतृत्व आणि सर्वांगीण विकास हे आराखड्यातले तीन रकाने असतील. मुलाच्या बाबतीत मात्र ते वेगळे करता येत नाहीत. त्यामुळे आराखडा वाचताना पालकांनी सर्वप्रथम त्यात वर्गातले सर्वांत मागे राहिलेले मूल शोधावे. त्याच्यासाठी काय ठरले आहे हे सापडले, तर बाकीचा कागदही विश्वासाने वाचता येईल.