पखवाजाची कणीक

पखवाज वाजवायला बसण्याआधी त्याच्या डाव्या पुडीवर कणकेचा गोळा थापावा लागतो. गव्हाची सैलसर भिजवलेली कणीक. ती जरा वाढवली की आवाज खाली उतरतो, कमी केली की चढतो. भजन संपलं की खरवडून पुडी पुसून ठेवायची. मैंदर्गीला माहेरी असताना सप्ताहाच्या दिवसांत ही कणीक भिजवायचं काम माझ्याकडं होतं. वाटीतून गोळा नेऊन द्यायचा आणि बायकांच्या बाजूला येऊन बसायचं. गायला मोकळीक होती, टाळ घ्यायलाही कुणाची हरकत नव्हती. पखवाजाला मात्र हात लावायचा नाही.

लग्न होऊन अक्कलकोटला आले. सासरे भजनात पखवाज वाजवायचे. उतारवयात त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला, तेव्हा एका दुपारी त्यांनी मला समोर बसवलं आणि धा, दिं, ता, ना असे एकेक बोल काढून घेतले. वर्षभर दुसरं काही नाही. ते म्हणायचे, गाणारा कितीही पुढं पळू दे, त्याला समेवर परत आणायचं काम तुझं. आज वटवृक्ष मंदिराच्या परिसरात आमचं महिला भजनी मंडळ बसतं, तेव्हा पखवाज माझ्या मांडीशी असतो. निम्म्याजणींची घरची बोली कानडी, अभंग मराठी. ठेक्याला भाषेची अडचण येत नाही.

माझी पुतणी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात रॅलेला राहते. तिथं बरीच वर्षं ब्लूग्रास संगीताचा मोठा उत्सव भरत असे, भर रस्त्यात मांडव घालून. तिथून तिनं एकदा मला एक चित्रफीत पाठवली. एक तरुण मुलगी मॅन्डोलिन वाजवत होती, बोटं दिसू नयेत इतक्या वेगानं. खाली पुतणीनं लिहिलं होतं, ‘काकू, यांच्यात तबला-ढोलकी काहीच नसतं. मग ठेका कोण धरतं?’

या प्रश्नानं मला त्या संगीतात ओढलं. पुतणी माहिती पाठवत गेली, मी ऐकत गेले. ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेच्या डोंगराळ भागातल्या शेतकरी आणि खाणकामगारांच्या गाण्यांतून उभं राहिलेलं संगीत. गिटार, बँजो, फिडल, मॅन्डोलिन आणि माणसाहून उंच असा उभा बास, सगळी तारांची वाद्यं. बास मात्रेवर वाजतो आणि दोन मात्रांच्या मध्ये मॅन्डोलिनवाला तारा दाबून एक तुटक फटका मारतो. त्याला ते चॉप म्हणतात. गुडघ्यावर हात ठेवून ऐका, बास म्हणजे आपली डावी पुडी आणि चॉप म्हणजे टाळ, असंच वाटेल.

या संगीताला नाव मिळालं ते बिल मन्रो यांच्या बँडवरून, ‘ब्लू ग्रास बॉइज’. केंटकी राज्याला निळ्या गवताचा प्रदेश म्हणतात, मन्रो तिथले. नावातच ‘बॉइज’, म्हणजे पोरं. पण 1943 पासून या पोरांमध्ये सॅली अ‍ॅन फॉरेस्टर होत्या. त्यांचे पती याच बँडमधले फिडलवादक, ते युद्धात नौदलात गेले. सॅली अ‍ॅन अकॉर्डियन वाजवायच्या, म्हणजे आपल्या पेटीची गळ्यात अडकवायची बहीण. तंबूतल्या खेळांच्या तिकिटांचे पैसे सांभाळायचं कामही त्यांच्याकडं असे. 1945 च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन आले आणि तिथून खरा ब्लूग्रास सुरू झाला, असं अनेक अभ्यासक मानतात. त्या वेळीही सॅली अ‍ॅन बँडमध्ये होत्या. तरी हे पुरुषांनी घडवलेलं संगीत अशीच त्याची ओळख पुढची कित्येक वर्षं राहिली. 1950 च्या दशकात मन्रोंच्या मागं बास घेऊन उभ्या राहिलेल्या बेसी ली मॉल्डिन यांच्याही वाट्याला तेच आलं. बास म्हणजे पायाच की हो. पायाचं नाव कोण विचारतं?

मला सर्वांत जवळच्या वाटल्या त्या हेझेल डिकन्स. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसा खाणीच्या मुलखातल्या, मोठ्या गरीब कुटुंबातल्या. पोटासाठी बाल्टिमोरला येऊन कारखान्यात राबल्या. अ‍ॅलिस जेरार्ड या मैत्रिणीबरोबर 1965 मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. तोवर बाईनं ब्लूग्रासमध्ये पुढं उभं राहून असं कणखर, खड्या आवाजात गाणं फार क्वचित घडलं होतं. खाणकामगारांच्या संपावरच्या ‘हार्लन काउंटी यूएसए’ या माहितीपटात त्यांची गाणी आहेत. त्यांचा आवाज गोड नाही. आमच्याकडं जात्यावर दळताना म्हाताऱ्या बायकांचा लागायचा तसा, छातीतून येणारा आहे.

वाद्यातला मान मिळायला आणखी वेळ लागला. ब्लूग्रासच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे पुरस्कार 1990 मध्ये सुरू झाले. गुंतवणूक बँकेतली नोकरी सोडून बँजोकडं वळलेल्या अ‍ॅलिसन ब्राउन यांना 1991 मध्ये बँजोचा पुरस्कार मिळाला. वादनाचा हा मान मिळवणारी ती पहिली बाई. बासचा 1998 मध्ये मिसी रेन्स यांना, मॅन्डोलिनचा 2016 मध्ये सिएरा हल यांना. गिटारचा तर मॉली टटलला 2017 मध्ये. गिटार हातात घेतलेल्या बायका जगभर दिसतात, आणि तिथं पहिला मान मिळायला सत्तावीस वर्षं जावी लागली.

बँजो वाजवणाऱ्या मर्फी हेन्री यांनी या साऱ्याजणींवर पुस्तक लिहिलं. त्याचं नाव ‘प्रिटी गुड फॉर अ गर्ल’. पुतणीनं अर्थ सांगितला, ‘मुलगी असून बरंच वाजवते.’ फोन हातात धरून मी बसूनच राहिले. अगदी हेच वाक्य मी ऐकलंय. एका गावच्या सप्ताहात पखवाजवाला आला नाही म्हणून मला बसवलं. पहिल्या दिवशी एका जाणत्या गृहस्थांनी सांगितलं, बाईमाणसाच्या मांडीशी पखवाज शोभत नाही. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, बाई असून बरं वाजवता हो. दुसरं वाक्य मला पहिल्यापेक्षा जास्त लागलं.

आपल्याकडं बायका वाजवत नाहीत असं नाही. तुळजापूरच्या वाटेवर आराधिणींच्या हातात तुणतुणं असतं, यल्लम्माच्या जोगतिणींकडं चौंडकं असतं. पण ते देवीचं मागणं मानलं जातं, वादन म्हणून कुणी त्याकडं बघत नाही. मोडनिंबला संगीत बारीच्या पार्ट्या बायकांच्या नावानं चालतात, ढोलकी आणि पेटी मात्र बहुधा पुरुषांकडं. 1935 साली पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकरांनी तर तमाशाचा अख्खा फड सांभाळला. मुंबईत आबान मिस्त्री यांनी तबला हातात घेतला, एकल वादनाच्या मैफिली केल्या, तबला-पखवाजाच्या घराण्यांवर ग्रंथ लिहिला. अनुराधा पाल यांनी ‘स्त्री शक्ती’ हा बायकांचाच ताफा उभा केला. हे मला सासऱ्यांना सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर मी रेकॉर्ड करून पाठवलं. तिनं धाडलेल्या एका गाण्याबरोबर पखवाज वाजवला, बासच्या जागी धा ठेवून. पहिल्यांदा जमलं नाही. त्यांची लय आपल्या भजनी ठेक्यापेक्षा फार धावती. मग कणीक थोडी काढून टाकली, डावी पुडी हलकी केली, आणि चौथ्या फेरीला बसलं.

शेजारची सातवीतली मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. काढलेला गोळा मी तिच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, ये, बस, ही थोडी परत लाव.