खेळाखेळांमधील चुरस आणि दूरचित्रवाणी

दोन संघ मैदानात उतरतात आणि त्यांतला एक जिंकतो, ही स्पर्धा सर्वांना दिसते. तिच्या मागे आणखी एक स्पर्धा अखंड चाललेली असते. ती एका खेळाची दुसऱ्या खेळाशी. क्रिकेट, हॉकी, कबड्डी, फुटबॉल, कुस्ती, खो-खो हे सारे खेळ एकाच वस्तूसाठी झगडत असतात, आणि ती वस्तू म्हणजे आपले लक्ष. संध्याकाळी घरी आलेल्या माणसाजवळ मोकळे असे दोन-तीन तास असतात. ते ज्या खेळाच्या वाट्याला येतात त्याच्याकडे जाहिरातदार जातो. जाहिरातदारामागून पैसा जातो. पैशामागून मैदाने, प्रशिक्षक आणि नोकऱ्या जातात. आणि अखेरीस मुलेही तिकडेच वळतात. आपल्या गावातील मुलामुलींनी कोणता खेळ खेळावा, याचा बराचसा निकाल हल्ली गावाच्या मैदानापासून फार दूर लागतो. तो कसा लागतो, हे येथे समजून घ्यावयाचे आहे.

क्रिकेट लोकप्रिय आहे म्हणून ते पडद्यावर दिसते, असे आपण सहज म्हणून जातो. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. १९२८ ते १९५६ या काळात झालेल्या सहाही ऑलिंपिक स्पर्धांत भारताने हॉकीचे सुवर्णपदक मिळविले. रेडिओच्या काळात हॉकीला श्रोत्यांची वाण नव्हती. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूर येथे भारताने पाकिस्तानवर २-१ अशी मात करून विश्वचषक जिंकला, तो सामना देशाने जसदेव सिंग यांच्या हिंदी धावत्या वर्णनातून अनुभवला. इकडे महाराष्ट्रात बाळ ज. पंडित यांच्या समालोचनाने क्रिकेट मराठी घरांतून पोहोचले होते. रेडिओला चेंडू दाखवावा लागत नाही. बोलणाऱ्याची जीभ चपळ असली म्हणजे पुरते. त्यामुळे वेगवान हॉकी आणि संथ क्रिकेट या दोघांनाही त्या माध्यमात मानाची जागा होती.

पुढे माध्यम बदलले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने आपल्याकडे रंगीत दूरचित्रवाणी आली. १ डिसेंबरला हॉकीचा अंतिम सामना झाला, आणि नव्या संचांपुढे बसलेल्या प्रेक्षकांना भारत पाकिस्तानकडून १-७ असा हरताना पाहावा लागला. त्यानंतर सात महिने होतात न होतात तोच, २५ जून १९८३ रोजी, लॉर्ड्सवर १८३ धावांत आटोपलेल्या भारतीय संघाने वेस्ट इंडीजला १४० धावांत गुंडाळले आणि क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. लागोपाठच्या वर्षांत लहान शक्तीची प्रक्षेपण केंद्रे देशभर उभी राहत गेली. नव्या डोळ्यांनी पहिल्यांदा जे पाहिले ते हॉकीचा पराभव आणि क्रिकेटचा विजय. योगायोगाचे बळ कमी लेखू नये. परंतु एका पराभवाने कोणताही खेळ चाळीस वर्षे मागे पडत नाही. याचे कारण आणखी खोल आहे, आणि ते खेळांच्या घडणीत सापडते.

पडद्याला खेळाकडून मुख्यतः तीन गोष्टी हव्या असतात. पहिली, ठरावीक अंतराने येणारा विराम, कारण त्या विरामातच जाहिरात बसते. दुसरी, खेळ केव्हा संपणार याची पुरेशी खात्री. तिसरी, चौकटीत मावणारी हालचाल, जिच्यात खेळाडूचा चेहरा ओळखता यावा. आता क्रिकेटकडे पाहा. दर सहा चेंडूंनी षटक संपते, गडी बाद झाला की खेळ थांबतो, आणि प्रत्येक चेंडूपूर्वी कॅमेऱ्याला गोलंदाजाच्या चेहऱ्यावर स्थिरावण्याइतका वेळ मिळतो. वीस-वीस षटकांच्या सामन्यात असे चाळीसच्या आसपास विराम खेळाचे नियमच देऊन ठेवतात. हॉकीत एकेक अर्ध पस्तीस मिनिटांचे असे. मध्ये विश्रांती एकच. चेंडू लहान, वेग प्रचंड, आणि गोल कोणत्या क्षणी होईल याचा नेम नाही. प्रक्षेपकाने जाहिरातीसाठी दृष्टी वळवावी आणि नेमका गोल व्हावा, ही भीती कायमची. आपली निकाली कुस्ती तर पडद्याला आणखीच अडचणीची. प्रतिस्पर्ध्याला चीतपट केल्याखेरीज निकाल नाही. तो अर्ध्या मिनिटात लागेल किंवा तासभर लागणार नाही. कोल्हापूरच्या खासबाग मैदानातील प्रेक्षकाला याच अनिश्चिततेची गोडी वाटते. वेळापत्रक आखणाऱ्याला तीच नकोशी होते.

जे खेळ हे ओळखतात ते आपले नियम बदलून घेतात. व्हॉलीबॉलमध्ये पूर्वी सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळे, त्यामुळे सामना किती लांबेल हे सांगता येत नसे. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपर्यंत प्रत्येक चेंडूवर गुण देण्याची पद्धत आली. टेबल टेनिसचा चेंडू २००० साली ३८ वरून ४० मिलिमीटरचा झाला आणि २००१ मध्ये डाव २१ ऐवजी ११ गुणांचा झाला. हॉकीनेही २०१४ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग केले. एका विश्रांतीच्या तीन झाल्या. क्रिकेटमध्ये हा बदल सर्वांत धीटपणे केला तो ऑस्ट्रेलियातील दूरचित्रवाणी केंद्राचे मालक केरी पॅकर यांनी. तेथील मंडळाने प्रक्षेपणाचे हक्क नाकारल्यावर त्यांनी १९७७ साली जगातले उत्तमोत्तम खेळाडू करारबद्ध करून स्वतःचीच स्पर्धा उभी केली. प्रकाशझोतातील सामने, पांढरा चेंडू आणि रंगीत पोशाख यांची चाल तेथून पडली. १९७९ साली मंडळाने तडजोड केली आणि हक्क पॅकर यांनाच मिळाले. प्रक्षेपक हा खेळाचा केवळ निरोप्या राहिला नाही, तो खेळाचा भागीदार झाला, हे तेव्हापासून स्पष्ट आहे.

भारतात हा बदल कायद्याच्या वाटेने आला. १९९३ च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून सरकारी यंत्रणा आणि क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. यानंतर हक्कांना खुला बाजार मिळाला, आणि बाजारात त्याच खेळाची किंमत चढली ज्याच्यात जाहिरातीला जागा होती. २००८ साली आयपीएल सुरू झाली. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांतील ४१० सामन्यांसाठी २०२२ च्या लिलावात ४८,३९० कोटी रुपयांची बोली लागली. म्हणजे सामन्यामागे सुमारे ११८ कोटी. त्या लिलावात मोबाइल आणि इंटरनेटवरील हक्कांना दूरचित्रवाणीच्या हक्कांपेक्षा किंचित जास्तच रक्कम मिळाली. पडदा भिंतीवरून हातात आला, तरी चुरस तीच राहिली.

असे असता इतर खेळांना काही आशा आहे काय? या प्रश्नाचे उत्तर कबड्डीने दिले आहे, आणि म्हणून तिचा इतिहास थोडा बारकाईने पाहिला पाहिजे. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतुतूचे प्रात्यक्षिक केले. १९९० साली कबड्डी आशियाई स्पर्धांत आली, आणि तेव्हापासून २०१४ पर्यंतची सातही सुवर्णपदके भारतीय पुरुषांनी जिंकली. यशाने लक्ष मिळते हा नियम खरा असता तर हे खेळाडू घरोघर माहीत झाले असते. तसे झाले नाही. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि चित्र पालटले. खेळ मातीवरून मॅटवर आला. चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ लागले. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद, असा नियम आला. त्यामुळे वेळ काढण्याची सोय उरली नाही. तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी पकड केली तर एक गुण अधिक मिळू लागला. त्यामुळे लोण चढण्याच्या बेतात असलेला संघही सामन्यात परत येऊ लागला. मुळात तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद मैदान चौकटीत सहज मावते, आणि प्रत्येक चढाई ही सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली छोटी गोष्टच असते. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०२३ साली ती २ कोटी ६० लाखांवर गेली. स्वदेशीच्या भावनेने हे घडले असे मानणे सुखाचे आहे. पण ती भावना आधीही होती. नवी गोष्ट होती ती एवढीच, की ज्या खेळाची घडण पडद्याला मुळातच जुळणारी होती, तिकडे कोणीतरी कॅमेरे घेऊन गेले.

या जुळवणीची किंमतही पाहिली पाहिजे. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही. या एका बंधनावर त्या खेळाचे सारे चातुर्य उभे आहे. २०२२ साली पुण्यात सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो स्पर्धेत ‘वजीर’ हा कोणत्याही दिशेने धावू शकणारा खेळाडू आणला गेला. खेळ वेगवान झाला, पाहणाऱ्याला सोपाही झाला. मात्र ज्या बंधनाने खो-खो हा खो-खो होतो त्याच्या मुळाशीच हात गेला. क्रिकेटलाही हे भोगावे लागले आहे. आयपीएलला मिळणारे लक्ष रणजी सामन्यांना मिळत नाही. म्हणजे जिंकलेल्या खेळाच्या घरातही धाकटी पाती थोरलीला मागे सारते. शिवाय जो खेळ सर्वस्वी करारावर उभा राहतो तो करार डळमळताच डळमळतो. २०२५ साली फुटबॉल महासंघ आणि इंडियन सुपर लीगचे व्यापारी हक्क असलेली कंपनी यांच्यातील करार संपत आला, तेव्हा त्या वर्षीचा हंगाम ठरल्या वेळी सुरूच होऊ शकला नाही.

येथे एक आक्षेप निघेल. खेळाची घडण हेच जर कारण असेल, तर स्त्रियांचे क्रिकेट इतकी वर्षे का दिसले नाही? नियम तेच, षटके तीच, विराम तेच. तरीही २००५ साली भारतीय महिला संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, हे फार थोड्यांना कळले. २०१७ चा लॉर्ड्सवरील अंतिम सामना नऊ धावांनी हातचा गेला, पण तो लोकांनी पाहिला होता. २०२३ साली महिलांची लीग सुरू झाली. तिच्या पाच वर्षांच्या हक्कांना ९५१ कोटी रुपये मिळाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत हा संघ विश्वविजेता झाला, तेव्हा मध्यरात्री रस्त्यांवर फटाके वाजले. त्याच महिन्याच्या २४ तारखेला ढाका येथे भारताच्या महिला कबड्डी संघानेही विश्वचषक जिंकला. दोन विश्वचषक, महिना एकच. दुसऱ्या संघाच्या कर्णधाराचे नाव आपणांपैकी किती जणांना सांगता येईल? घडण अनुकूल असणे ही पहिली पायरी झाली. कॅमेरा कोठे न्यावयाचा हे माणसे ठरवितात, आणि माणसांनी ठरविलेले बदलता येते.

ते बदलता येते याला पुरावा आहे. ओडिशा सरकारने २०१८ पासून भारतीय हॉकी संघांचे प्रायोजकत्व घेतले आणि त्या वर्षीचा व २०२३ चा विश्वचषक आपल्या राज्यात भरविला. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये एकेचाळीस वर्षांनी पदक आले, आणि २०२४ साली पॅरिसमध्ये पुन्हा आले. बाजाराने ज्याला किंमत दिली नाही त्याला एका राज्याने दिली, इतकेच. २००७ च्या कायद्यानेही राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले आहे. प्रक्षेपणलहरी जर सर्वांच्या मालकीच्या असतील, तर त्यांवर राष्ट्रीय कबड्डी, खो-खो आणि कुस्ती यांनाही नियमित जागा मागणे हा आपला हक्क ठरतो.

क्रिकेटचा द्वेष करून यातले काहीच साधणार नाही; ज्या खेळाने आपल्याला इतका आनंद दिला त्याच्याशी वैर कशाला? मागणी आहे ती थोड्या वाटणीची. ती सरकारकडे, प्रक्षेपकांकडे आणि संघटनांकडे करावयाची, तशी स्वतःकडेही करावयाची. आपल्याच तालुक्यात जिल्हा अजिंक्यपदाचे सामने होतात, तेव्हा मैदानाच्या कडेला बहुधा खेळाडूंचे आईवडील आणि दोन-चार जुने खेळाडू एवढेच उभे असतात. तेथे जाऊन बसलेला प्रत्येक माणूस हा त्या खेळाच्या खात्यावर जमा होणारा तास आहे. तो तास कोणत्याही लिलावात विकला जात नाही, आणि त्यासाठी कोणाची परवानगीही लागत नाही.