तंगूस किती जाड? कुणकेश्वरच्या पुळणीवर गरवणाऱ्यांसाठी आठ गोष्टी

सिंधुदुर्गातल्या कुणकेश्वरला देवळासमोर लांबच लांब पुळण, आणि पुळण संपते तिथे कातळ. भरतीला शेंगाळा, पालू, नशीब असेल तर तांबोशी. स्पिनिंग रीळ हातात आलं की पहिला प्रश्न एकच : तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी दोरी, किती पाउंडी घ्यायचा?

१. पाउंड माशाचे नव्हेत. वेष्टनावरचा आकडा दोरी किती ओढीला तुटेल ते सांगतो. २० पाउंड म्हणजे सुमारे ९ किलो. पाण्यातल्या माशाचं वजन दोरीवर येतच नाही, येते ती त्याची ओढ. ती ओढ वाढली की रिळाचा ड्रॅग, म्हणजे त्याचा ब्रेक, दोरी सोडतो. म्हणूनच ९ किलोच्या दोरीवर त्याहून मोठा मासाही दमवून काढता येतो.

२. ड्रॅग काट्यावर लावा. दोरीच्या टोकाला ताणकाटा अडकवा, काठी तिरकी धरा आणि काटा सावकाश ओढा. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ओढीला रीळ कुरकुरत सुटायला हवं. ९ किलोच्या दोरीला हा आकडा सव्वादोन ते तीन किलो येतो. नुसत्या बोटांच्या अंदाजाने आवळलेला ड्रॅग सहज चुकतो.

३. सुताच्या कारखानदाराचं डोकं. ब्रॅडफर्डच्या कापड व्यवसायातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली स्थिर फिरकीच्या रिळाचं पेटंट घेतलं. या रिळात फेकताना फिरकी फिरत नाही, दोरी कडेवरून वेटोळ्यांनी सुटते. जाड, ताठ दोरीची वेटोळी मोठी होतात, कडेला आणि काठीच्या कड्यांना घासतात, आणि शिसं लाटांच्या अलीकडेच पडतं. स्पिनिंग रिळाला बारीक दोरी मानवते ती यामुळे.

४. जाडी दुप्पट, लांबी चौथाई. दोरीची जाडी दुप्पट केली तर ताकद साधारण चौपट होते, पण फिरकीवर मावणारी लांबी चौथ्या हिश्शावर येते. फिरकीवर कोरलेले आकडे हेच सांगतात : किती जाडीची दोरी किती मीटर बसेल. भरताना काठापासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा. कमी भरली तर फेक तोकडी पडते, जास्त भरली तर गुंता होतो.

५. वेणीची दोरी बारीक, पण नाजूक. पॉलिथिलीनच्या धाग्यांची विणलेली २० पाउंडी दोरी साधारण ६ पाउंडी तंगुसाएवढीच बारीक असते. ती जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे दूरवरचा चावाही हाताला कळतो. पण कालवं चिकटलेल्या कातळाला घासली की पटकन तुटते. फिरकीवर आधी तंगुसाचे काही वेढे घ्या, नाहीतर गुळगुळीत वेणी जागच्या जागी घसरत राहते.

६. तंगूस पाणी पितो. नायलॉन १९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. ओलं झालं की त्याची ताकद थोडी घटते, उन्हानेही ते कमजोर होतं. गाठ आवळण्याआधी ओली करा, कारण कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि नेमकी तिथेच दोरी तुटते.

७. न दिसणारी दोरी. प्रकाश वाकवण्याचा अंक पाण्याचा १.३३, फ्लोरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा सुमारे १.५३. अंक पाण्याच्या जितका जवळ, तितकी दोरी कमी दिसते. हिवाळ्यातल्या निवळ पाण्यात याचा उपयोग होतो, पावसाळी गढूळ पाण्यात फारसा नाही. फ्लोरोकार्बन ताठ असतो, म्हणून तो लीडरपुरताच, म्हणजे मुख्य दोरीच्या पुढे जोडायच्या तुकड्यापुरताच वापरावा.

८. फेकीचा झटका माशापेक्षा मोठा. नियम सोपा आहे : दर २८ ग्रॅम शिशामागे १० पाउंडी लीडर. ८५ ग्रॅम शिसं असेल तर ३० पाउंडी. लीडर काठीच्या दुप्पट लांब ठेवा, शिवाय फिरकीवर त्याचे चार-पाच वेढे हवेत. फेकताना दोरी तुटली तर शिसं गोळीसारखं सुटतं. महाशिवरात्रीच्या यात्रेत पुळण माणसांनी फुलते, तेव्हा तिथे गरी टाकूच नये.

मग घ्यायचं काय? पुळणीवरून गरवायला ४००० ते ५००० मापाचं रीळ आणि ०.३० ते ०.३५ मिलिमीटरचा तंगूस, किंवा २० ते ३० पाउंडी वेणी आणि पुढे शिशाच्या हिशोबाने लीडर. कातळावर लीडर आणखी जाड घ्या, तिथे गोबरा गरी घेऊन थेट कपारीत घुसतो. नवशिक्याने सुरुवात तंगुसानेच करावी. तो स्वस्त असतो, गुंता सुटतो आणि ताण सोसतो.

आणि एक विनंती. तुटलेली दोरी वाळूत टाकू नका. नायलॉन कुजत नाही, आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तुकडे खिशात घालून घरी न्या.