शेगडी पेटत नाही तेव्हा

चंदगडच्या पावसात काडेपेटीसुद्धा सादळते, मग शेगडीची ठिणगी पडेनाशी झाली तर नवल नाही. अशा वेळी आपण गॅस सुरूच ठेवून लायटर खटखटत राहतो. धोका तिथेच आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो ओट्याखाली जमिनीलगत साचतो. दोन-तीन खटक्यांत ज्योत धरली नाही तर बटण बंद करावे, खिडकी उघडावी, वास गेल्यावरच पुन्हा पेटवावे. बर्नर गार झाल्यावर काढून छिद्रे मोकळी करावीत आणि धुतल्यास पूर्ण वाळवूनच बसवावा. पिवळी ज्योत, काळी पडणारी भांडी ही बर्नर तुंबल्याची खूण आहे. रबरी नळी 5 वर्षांनी बदलावी.

सहरीला उठल्यावर वास आला तर हात आधी दिव्याच्या बटणाकडे जातो. तो आवरावा. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, मुलांना, वडीलधाऱ्यांना बाहेर न्यावे आणि बाहेरूनच 1906 वर फोन करावा. वेळ टळेल म्हणून घाई नको. आम्ही भगिनींना एवढेच सांगू, सहरी खजूर-पाण्यावरही होते.