चाकांवरचे बिऱ्हाड आणि तळ्याकाठचे गाव

ऑस्ट्रियातले हालश्टाट हे गाव चित्रातच शोभावे असे आहे. पुढे तळे, मागे सरळ उभा डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर एकमेकांच्या खांद्यावर चढलेली घरे. वस्ती जेमतेम साडेसातशे. आणि भर उन्हाळ्यात एका दिवशी दहा हजारांपर्यंत पाहुणे येऊन थडकतात!

आमचे बिऱ्हाड चाकांवर होते. कॅम्परव्हॅन म्हणजे मोटारीतच शेगडी, बिछाना आणि मोरी. हॉटेलचा खर्च वाचतो, सकाळचा चहा घरच्यासारखा मिळतो, आणि सौभाग्यवतींनी पोहे परतायला घेतले की शेजारचे जर्मन कुटुंब कुतूहलाने डोकावते. मात्र सांडपाण्याची आणि संडासाची टाकी आपल्याच हातांनी रिकामी करावी लागते, हे रंगीत माहितीपत्रकात कोणी छापत नाही! शिवाय असले धूड जुन्या गावाच्या गल्ल्यांत घेऊन जाण्याची सोय नाही. गाडी तळावर ठेवावी आणि पायी चालू लागावे, हेच बरे.

या गावाला मोटारींची सवय नाही, यात नवल ते काय? १८९० पर्यंत येथे रस्ताच नव्हता. ये-जा होडीने, नाही तर पाऊलवाटेने. आगगाडीचे स्टेशन आजही तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे. तरी गाव श्रीमंत होते, ते मिठामुळे. वरच्या डोंगरातल्या खाणीत इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला लाकडी जिना सापडला. मिठानेच तो जपून ठेवला होता. १८४६ पासून रामझाउअर नावाच्या खाण-अधिकाऱ्याने येथल्या शेकडो प्राचीन कबरी उकरल्या, आणि युरोपच्या आरंभीच्या लोहयुगाला या खेड्याचेच नाव पडले.

जागेची टंचाई तर अशी की मेलेल्यांनाही कायमची जागा नाही. दहा-पंधरा वर्षांनी कबर उघडायची, कवटी उन्हात पांढरी करायची, तिच्यावर नाव आणि फुलापानांची वेलबुट्टी रंगवायची आणि चर्चजवळच्या अस्थिगृहात ठेवायची, अशी जुनी रीत. रंगवलेल्या सहाशेहून अधिक कवट्या तेथे ओळीने मांडल्या आहेत. भीती वाटेल अशी आमची समजूत होती. वाटली ती आपुलकी.

जित्यांचे दुखणे मात्र निराळे आहे. १९९७ साली युनेस्कोने या परिसराला जागतिक वारशाचा मान दिला. २०१२ मध्ये चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात तर या गावाची हुबेहूब नक्कल उभी राहिली! नक्कल पाहून अस्सल पाहण्याची हौस वाढली. मे २०२३ मध्ये पंचायतीने फोटोच्या लाडक्या जागी तळ्याचे दृश्य झाकणारे लाकडी कुंपण घातले. ओरड झाली, तेव्हा काढले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गावकरी रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी होती की रोजच्या पाहुण्यांना काही मर्यादा घाला. पाहुण्यांवर पोट आहे, हे त्यांनाही कळते. पण आपल्या खिडकीत कोणी परका रोज कॅमेरा रोखून उभा राहिला तर आपण तरी काय करू?

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की दुपारी जाऊ नये. मुक्काम जवळच्या तळावर करावा आणि बसगाड्या परतल्यावर सायंकाळी गावात शिरावे. आम्ही गेलो तेव्हा चौकातल्या खुर्च्या उलट्या करून ठेवल्या होत्या, आणि एक आजीबाई निवांतपणे खिडकीतल्या जिरेनियमना पाणी घालीत होत्या.