कुरुक्षेत्राच्या अलीकडे

माझे एक आप्त गेल्या वर्षी समुद्रसफर करून परतले ते नाराज होऊनच. माहितीपत्रकात ज्या बंदराचे नाव ठळक छापले होते, ते त्यांना दुरूनच दिसले. वारा फिरला म्हणून जहाज तेथे लागलेच नाही. पुढे सरकारी कामासाठी मला पानिपतास जावे लागले. काम आटोपून काळा आंब पाहावयास गेलो असता, ठरलेला मुक्काम न गाठताच संपलेली एक फार मोठी यात्रा मला आठवली.

मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंची फौज परतूरहून उत्तरेकडे निघाली. तिच्याबरोबर बाजारकरी होते, बायकामुले होती आणि यात्रेकरूही होते. लढाईला निघालेल्या फौजेत यात्रेकरू कशाला, असे आज आपण विचारू. पण त्या काळी नर्मदेपलीकडची वाट एकट्यादुकट्याची नव्हती. मोठी फौज म्हणजे चालता कोट आणि चालती बाजारपेठ. काशी-प्रयागाची आस धरून बसलेल्या माणसाला अशी सोबत पुन्हा केव्हा मिळणार? अठरा वर्षांचे नाना फडणीसही आई आणि पत्नी यांच्यासह निघाले.

मथुरेपर्यंत यात्रा यात्रेसारखी झाली. पुढे मात्र यमुना आडवी आली. काशी आणि प्रयाग पलीकडे, अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या सत्तेकडे. आणि तो त्याच पावसाळ्यात अब्दालीला मिळाला. नदीला पूर, उतार नाही. यात्रेकरूंची पुण्यनदी सेनापतीला भिंतीसारखी झाली. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली, पण तेथे पैशाची इतकी ओढ की दिवाण-इ-खासचे चांदीचे छत काढून नाणी पाडावी लागली. बायकामुले सुरक्षित किल्ल्यांत ठेवा, असा सल्ला सूरजमल जाटाने दिला होता, असे सांगतात. तो मानला गेला नाही.

१७ ऑक्टोबरला कुंजपुरा पडला. धान्य मिळाले, आणि कुरुक्षेत्र तर आता दोनतीन मजलांवर. काशी नाही तर निदान तेथील स्नान तरी घडेल, असे कित्येकांना वाटले असेल. तोच वार्ता आली, अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली. दिल्लीची वाट तुटली. फौज मागे फिरली आणि पानिपतास खंदक खणून बसली.

बुणग्यांमुळे पराभव झाला, असे आपण सहज म्हणतो. मला हे अर्धेच खरे वाटते. खाणारी तोंडे जास्त होती हे निःसंशय. पण ज्यांना बरोबर घेतले, त्यांना परमुलखात सोडणार कोठे? जहाजावरच्या नाराज उतारूला शेवटी घरच्या बंदरात आणून सोडतात. या उतारूंना परतीचे बंदरच उरले नव्हते. अडीच महिने रसद आटत गेली. डिसेंबरात ती पाठविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौज खंदकाबाहेर पडली.

नाना वाचले. पत्नीही पुढे भेटली. आईचा पत्ता मात्र लागला नाही; आपल्या आत्मवृत्तात त्यांनी हे दुःख नोंदवून ठेवले आहे.

दुसऱ्या दिवशी मी आगगाडीने कुरुक्षेत्रास गेलो. अंतर सुमारे ७० किलोमीटर, प्रवास तासाभराचा. ब्रह्मसरोवराच्या पायरीवर एक आजीबाई ओले लुगडे पिळीत होत्या आणि नातवाला मराठीत रागे भरत होत्या, की लवकर आटप, गाडी चुकेल.