नऊ हजार चिप्स आणि दोन राजे

नऊ हजार चिप्स उरल्या की काकांचं बोलणं थांबतं. एरवी पत्ते पिसताना त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू असतो. मोरी रोडवर पाणी कुठवर चढलं, शितळादेवीचं मेट्रो स्टेशन झाल्यापासून कोण कोण आपसूक माहीमचं जुनं रहिवासी झालं, असं काहीबाही. पण पुढ्यातली चळत दोन बोटांवर आली की ते मोजायला लागतात. स्वतःच्या नव्हे, समोरच्यांच्या चिप्स.

माहीमच्या या दिवाणखान्यात शनिवारी रात्री आठजण जमतात. जेवणाच्या टेबलावर जाड चादर, वर प्लास्टिकच्या चिप्स, शेजारी मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर. तो वाजला की ब्लाइंड, म्हणजे पानं वाटण्याआधी दोघांनी सक्तीनं भरायच्या चिप्स, वाढतात. पैसे लावायचे नाहीत हा काकूंचा नियम, त्यामुळे १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याशी हुज्जत घालायची वेळच येत नाही. जिंकणाऱ्याचं नाव कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं आणि पहिला बाद होणाऱ्यानं सगळ्यांना चहा करायचा, एवढीच देवघेव. यातली निम्मी मंडळी लहानपणी मेंढीकोट आणि झब्बूवर वाढलेली. पोकर उशिरा आलं, पण मुक्कामाला आलं.

मी गेले कित्येक शनिवार तिथे बसतो आणि माझं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं: चिप्स संपत आलेल्या माणसाला मोठी जोडी आली की तो काय करतो. गुलाम, राणी, राजा किंवा एक्का यांपैकी एकाची जोडी हातात, आणि पुढ्यात जेमतेम नऊ-दहा मोठे ब्लाइंड. वरवर पाहता यात ठरवण्यासारखं काही नाही. प्रत्यक्षात इथेच माणसं सगळ्यात जास्त चुकतात.

आधी हिशेब. रात्री साडेदहाच्या सुमाराला छोटा ब्लाइंड ५०० आणि मोठा १,००० झालेला असतो, शिवाय मोठा ब्लाइंड भरणाऱ्यानंच सगळ्यांची अँटी म्हणून आणखी १,००० टाकायचे. म्हणजे आठ हातांची एक फेरी काहीही न खेळता २,५०० खाते. नऊ हजारवाल्याकडे साडेतीन फेऱ्या, म्हणजे अठ्ठावीस हात उरतात, तेही गजर पुन्हा वाजला नाही तर. कुठलीही जोडी सरासरी १७ हातांत एकदा येते. पण गुलामाची किंवा त्याहून मोठी जोडी ५५ हातांत एकदा, आणि दोन एक्के २२१ हातांत एकदा. अठ्ठावीस हातांत अशी मोठी जोडी दिसण्याची शक्यता साधारण ४० टक्के. शिवाय ती सत्ताविसाव्या हाताला आली, तर तिच्या जोरावर लावायला उरलेलं काय असणार?

म्हणून काका वाट पाहत बसत नाहीत. आपल्या आधी कोणी हातात उतरलं नसेल आणि मागे दोघं-तिघंच उरले असतील, तर ते एक्का-अठ्ठी, राजा-राणी, छक्क्यांची जोडी अशा पानांवर सगळ्या चिप्स पुढे सरकवतात. ऑल-इन. सगळ्यांनी पानं टाकली की मधले २,५०० त्यांचे, म्हणजे चळतीत एका झटक्यात पाव हिस्स्याहून जास्त भर. कुणी कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावल्या, तरी टेबलावर पाच पानं पडायची असतात, अगदीच मरण नसतं.

या सवयीचा खरा मोबदला पुढे मिळतो. त्या शनिवारी काकांना दोन राजे आले, इस्पिकचा आणि बदामचा. त्यांनी पानांचे कोपरे अंगठ्यानं जेमतेम वर केले, खाली ठेवले आणि नेहमीच्याच वेगानं चळत पुढे ढकलली. थांबले नाहीत, चष्मा सारखा केला नाही, पाण्याच्या ग्लासला हात लावला नाही. पलीकडे बसलेल्या गृहस्थांनी मघाशीच काकांना राजा-गुलामावर ऑल-इन जाताना पाहिलं होतं. ते एक्का-नव्वीवर म्हणाले, ‘कॉल.’ रात्रभर फक्त राजे-एक्क्यांसाठी थांबलेल्या माणसाला हा कॉल मिळाला नसता. दोन राजे विरुद्ध एक्का-नव्वी, दहात सात वेळा राजे जिंकतात. त्या रात्री चौथ्या पानावर एक्का पडला. काका उठले आणि कालनिर्णयसमोर उभे राहून पुढच्या महिन्यातल्या सुट्ट्या बघू लागले. माझ्या मते त्यांनी तो हात निर्दोष खेळला.

उलट उदाहरणही त्याच टेबलावरचं. सीएचा अभ्यास करणारी एक मुलगी, आकड्यांत आमच्यापेक्षा सरस, तिच्याकडे आठ हजार आणि हातात दोन राण्या. तिला वाटलं, ऑल-इन म्हटलं तर सगळे पळतील आणि राण्या फुकट जातील. म्हणून तिनं नुसते १,००० टाकले, गळ टाकून बसावं तशी. गळाला तिघं लागले. दोन राण्या एका अनोळखी हातासमोर ८० टक्के वेळा जिंकतात, तिघांसमोर निम्म्याच्या जराशा वर. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, एक्का, दहिला, चौक्की. राणीपेक्षा मोठं पान फ्लॉपवर येण्याची शक्यता ४१ टक्के असते, म्हणजे यात नशीब फुटण्यासारखं काही नव्हतं. त्या तिघांतला एक्का-तिर्रीवाला आठ हजारांपुढे आलाच नसता. हजारात हसत आला. तिच्या चिप्स दोन पानांत संपल्या आणि ती चहा टाकायला उठली.

राण्या फुकट जातील, ही भीतीच मुळात फसवी आहे. आठ-दहा ब्लाइंडवाल्याला मधले २,५०० मिळणं म्हणजे पूर्ण फेरीचा खर्च वसूल होणं. अपवाद एकच मानतो: मागे एखादा तापट खेळाडू असेल, जो कुणी नुसता ब्लाइंड भरला की हमखास अंगावर येतो, तर एक्क्यांची जोडी दबकत खेळावी. आमच्याकडे असे दोघं आहेत आणि ते कुठे बसलेत हे पाहूनच काका खुर्ची निवडतात.

वीस ब्लाइंड हातात असले की गणित पालटतं. तिथे दुप्पट रेझ करून, म्हणजे बोली वाढवून, थांबायला जागा असते, कुणी उलट ऑल-इन आला की कॉल. फक्त गुलामाची जोडी तिथेही त्रास देते, कारण ५७ टक्के फ्लॉपवर राणी, राजा किंवा एक्का हजर असतो. कुणी आधीच रेझ केलं असेल, तर गुलामांवर मी सगळ्या चिप्स फ्लॉपआधीच ढकलाव्यात या मताचा. काका नुसत्या कॉलच्या बाजूचे. यावर काकूंनी दिवे घालवेपर्यंत वाद चालतो.

हे शास्त्र नव्यानं लिहून काढलं ते डॅन हॅरिंग्टननं. लास वेगासच्या वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरमधली १९९५ ची मुख्य स्पर्धा त्यानं जिंकली होती. त्याच्या पुस्तकात ‘एम’ नावाचा आकडा येतो, बॅकगॅमनचा गाजलेला खेळाडू पॉल मॅग्रिएलच्या आडनावावरून घेतलेला. आपल्या चिप्सना एका फेरीच्या खर्चानं भागायचं. काकांचा एम ३.६. पाच किंवा त्याखाली लाल विभाग, तिथे दोनच चाली: ऑल-इन किंवा पानं टाकणं. आणि काका निराश झाले की कुणीतरी जॅक स्ट्रॉसची गोष्ट काढतं. १९८२ च्या मुख्य स्पर्धेत सगळं हरून उठला, तर म्हणे रुमालाखाली एक चिप सापडली. ती लावून तो शेवटी विजेता झाला.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि मोबाइलवर रात्री जागवणारे पुन्हा टेबलांकडे वळले. दादरहून सकाळची मांडवी एक्सप्रेस धरायची, पणजीला मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर संध्याकाळी पोचायचं, हा आमच्यातल्या काहींचा वार्षिक शिरस्ता आहे. तिथे चहा आयता येतो, पण हिशेब अवघड होतो. तिथल्या स्पर्धेत बक्षिसाच्या यादीत यायला एक-दोनजण बाद व्हायचे उरले की गमावलेली चिप मिळवलेल्या चिपपेक्षा महाग पडते. मोठ्या चळतीवाला ऑल-इन आला तर सत्त्यांची जोडी निमूट टाकावी, गुलामांवर विचार करावा, राजे-एक्क्यांवर विचार करू नये.

फक्त सॅटेलाइटमध्ये हेही मोडतं. तिथे बक्षीस पैशांत नसतं, मोठ्या स्पर्धेचं तिकीट असतं आणि पहिल्याला जे तिकीट तेच दहाव्याला. समजा तिकिटं दहा आणि खेळाडू उरले अकरा. त्यातल्या तिघांकडे एक मोठा ब्लाइंडही नाही, तुम्ही मधल्या फळीत. तुमच्याहून श्रीमंत माणूस ऑल-इन म्हणाला आणि तुमच्या हातात दोन एक्के. कॉल केला तर शंभरात पंधरा वेळा, किंवा त्याहून जास्त, हातातलं तिकीट जातं. जिंकलात तरी दुसरं तिकीट मिळत नाही. पानं टाकायची. सीएवाल्या मुलीनं हे काकांना कागदावर मांडून दाखवलं. काकांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘दोन एक्के टाकायला बारा तास गाडीत बसून गोव्याला जाऊ? इथे माहीममध्ये टाकीन की.’